पाण्यावर मान टाकली

“मान सोडा की ओ. मी धरलंय.”

ताईंनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मला कळलं की पाण्यावर उताणी पडूनही मी मान ताठच धरून ठेवली होती.

उजवा खांदा आखडून आठ महिने झाले होते. वेणी घालायला हात मागे जाईना. जुळे सोलापुरातल्या मावशीनं सांगितलं, तिच्या ओळखीच्या एक फिजिओथेरपीवाल्या ताई कोमट पाण्याच्या टाकीत उपचार करतात. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस धरली. वाटेत उरुळी कांचन लागलं. १९४६ साली गांधीजींनी इथे निसर्गोपचार सुरू केले होते. दुखण्यावर पाण्याचा उतारा आपल्याकडे नवा नाही, एवढं मनाशी म्हटलं आणि जरा धीर आला.

ताई करतात त्याला वॉट्सू म्हणतात, म्हणजे पाण्यातलं शियात्सू. जपानी शियात्सूत माणसाला खाली झोपवून अंगावरच्या ठरावीक जागा बोटांनी, तळव्यांनी दाबतात. हॅरॉल्ड डल जपानमध्ये ते शिकले आणि १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात हार्बिन हॉट स्प्रिंग्जच्या गरम कुंडात माणसांना तरंगत ठेवून तेच करू लागले. पाणी साधारण ३५ अंशांचं, म्हणजे कातडीइतकंच ऊबदार. म्हणून थोड्या वेळानं आपलं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते कळेनासं होतं.

सुरू करण्याआधी ताईंनी बीपी मोजला. ताप, उघडी जखम, फिट्स, हृदयाचा त्रास यांबद्दल खोदून विचारलं. मला ते फार आवडलं.

मग एक हात मानेखाली, एक कमरेखाली. कान पाण्यात गेले आणि बाहेरचा रिक्षांचा आवाज बंद. राहिला फक्त माझा श्वास. श्वास घेतला की अंग बोटभर वर यायचं, सोडला की खाली जायचं, आणि ताईंचे हात त्याच लयीत मला हलवत होते. खांदा कधी वळला ते कळलंच नाही. जमिनीवर व्यायाम करताना दुखेल या भीतीनं मी आधीच आवळून घ्यायची. इथे पाण्यानं वजन पेललेलं, आवळायला निमित्तच नव्हतं. एका बैठकीत खांदा बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मी उजव्या कुशीवर झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, देवळाभोवतीच्या तळ्याकाठी थोडा वेळ बसले आणि मावशीलाही घेऊन गेले. तिची तीस वर्षं विड्या वळण्यात गेली, मान कायम खाली. टाकीपाशी ती थबकली.

“एवढं पाणी! किती दिवसांचं गं हे?”

जिच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ती दुसरं काय विचारणार? पाणी रोज ओतून देत नाहीत, गाळून, शुद्ध करून तेच फिरवतात, हे ताईंनी तिला नीट समजावलं, तेव्हा ती पायरी उतरली.

मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते. मावशीची बोटं विडी धरल्यासारखी कायम अर्धी मिटलेली असतात. पाण्यावर तिचे डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं ती बोटं एकेक करून उघडली.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या, मागावर उभ्या राहणाऱ्या हजारो बाया आहेत. सरकारी दवाखान्यात अशी एक टाकी त्यांच्यासाठी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री पाण्याची पाळी होती. मी कळशीला हात घातला तशी मावशीनं ती काढून घेतली.

“खांदा राहू दे तुझा. तू नुसता पाइप धर.”