तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीतलं पाणी काढू द्यायचं का?

हा प्रश्न मला बहुतेक रात्रीच येतो. कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर मिळालेला असतो, पलीकडे हॉस्पिटलच्या जिन्यात आवाज घुमत असतो आणि एखादी आई किंवा बाप विचारतो, "ताई, डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. घरचे नको म्हणतात. त्यानं पाय जातात ना?"

हो म्हणा. उत्तर आधी देते, कारण तुमच्या हातात वेळ थोडा असतो. पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी; आजार ओळखायला ते कमरेतून सुईनं थोडं काढतात. हो का म्हणायचं, ते आता सांगते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. ऑगस्टमध्ये घरात सगळ्यांना आला तसाच त्यालाही ताप आला, तीन दिवसांत उतरला, तो शाळेतही जायला लागला. दहाव्या दिवशी दुपारी जेवता जेवता पेंगला. संध्याकाळी जीभ जड झाली, बाथरूमकडे जाताना डावा पाय दुमडला, लघवी अडली. रात्री अ‍ॅडमिट केलं. सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाठीतलं पाणी तपासायला हवं, इथे सही करा.

मी केली नाही. सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या एका माणसाचं सांगितलं होतं, पाणी काढलं आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. मी हाय खाल्ली. सकाळी बघू, म्हटलं. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, मग माझा नकार केसपेपरवर लिहून असायक्लोवीर, म्हणजे हर्पीस व्हायरसवरचं औषध, आणि अँटिबायोटिक सुरू केलं.

सकाळी सहाला त्याचे दोन्ही पाय हलत नव्हते. पाठीला सुई लागलेलीच नव्हती.

रात्री मी सही केली असती आणि सकाळी हेच पाय पाहिले असते, तर आज मी तुम्हाला शपथेवर सांगितलं असतं की पाणी काढलं म्हणून पाय गेले. आणि तुम्ही माझं ऐकलं असतंत. मेंदूची आणि मज्जारज्जूची सूज तासातासाला वाढू शकते. ज्यांचं पाणी काढायची वेळ येते, त्यांतले कितीतरी आधीच अशा आजारात सापडलेले असतात. पाय आजारानं जातात, आळ सुईवर येतो.

सुई जाते तिथे मज्जारज्जू नसतोच. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. खाली नुसत्या नसांचा झुपका पाण्यात तरंगतो. सुई जाते तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. १८९१ साली जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून जागा तीच. आणि पाणी संपत नाही. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिलिलिटर असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार करतं. काढतात ते काही मिलिलिटर. धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. नंतर डोकं दुखतं, कधी काही दिवस दुखतं. डोक्यात दाब वाढलेला असेल किंवा रक्त गोठण्यात अडचण असेल तर आधी ते बघावं लागतं. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

त्या सकाळी मी सही केली. माझ्या मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं. मान मी धरली होती. डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचं टोक चाचपलं, तिथून अंगठा सरळ पाठीवर आणला, बधिर केलं. मग थेंब पडायला लागले. एक, जरा थांबून दुसरा. तीन छोट्या बाटल्या भरल्या. पाणी अगदी नितळ होतं. सिस्टरांनी बोटातून रक्तही घेतलं, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघतात. जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर ती खूप उतरते.

त्याची साखर ठीक होती. पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या, प्रोटीन वाढलेलं, हर्पीसची तपासणी निगेटिव्ह. दुपारच्या एमआरआयमध्ये मेंदूत आणि मज्जारज्जूत पांढरे डाग. डॉक्टर म्हणाले, हा एडीईएम नावाचा आजार, यात शरीर स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटतं. ताप आणणारा व्हायरस हरला होता. पण त्याच्याशी लढायला उठलेल्या पेशी आता नसांवरचं मायलिनचं आवरण खरवडत होत्या.

हे मला पटेना. स्वतःचंच शरीर कसं उलटेल? तेव्हा त्यांनी विचारलं, कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आठवतात? ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून करायचे. लशीबरोबर मेंढीचं मायलिनही अंगात जायचं. काही थोड्या माणसांचं शरीर त्या मायलिनलाच शत्रू समजायचं आणि मग स्वतःच्या मायलिनवर तुटून पडायचं. कुत्र्याच्या विषातून सुटलेला माणूस लशीनं लुळा व्हायचा. भारतात ती लस २००४च्या अखेरीला थांबली. माझ्या वडिलांनी ती चौदाही घेतली होती, त्यामुळे मला एकदम कळलं.

आता उपचारांचं. व्हायरस स्वतः मेंदू पोखरत असेल तर औषध वेगळं, शरीर उलटलं असेल तर वेगळं. हर्पीसच्या मेंदूज्वरात उपचार मिळाले नाहीत तर शंभरातले सुमारे सत्तर जण दगावतात; असायक्लोवीर दोन-तीन आठवडे शिरेतून द्यावं लागतं, म्हणून संशय आला की रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात. आमच्याकडे ते थांबवून मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, पाच दिवस दिलं. पाणी तपासलं नसतं तर कोणतं थांबवायचं आणि कोणतं चालवायचं, हे कशावर ठरवणार होते? चौथ्या दिवशी चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलला. मी चादर काढून बघितली, पुन्हा हलव म्हटलं, त्यानं हलवला.

तो आज चालतो. अक्षर मात्र जवळजवळ वर्षभर मोठं आणि वाकडं येत होतं. सगळ्यांचं इतकं सुधारतंच असं नाही, म्हणून तुमच्या लेकराचंही होईल, असा शब्द मी फोनवर देत नाही.

पण सहीला सकाळपर्यंत थांबू नका. आणि आत थांबू देत असतील तर मान तुम्ही धरा, त्याच्याशी बोलत राहा. मी त्याला घरापासून शाळेपर्यंतचे बसस्टॉप ओळीनं सांगत होते. सहाव्या स्टॉपला सुई निघाली होती.