पीएचडीची पाच वर्षं आणि झाडाच्या पिढ्या

वनस्पतींवर पीएचडी करायची असेल, तर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली की हातात पाच वर्षं येतात: दोन वर्षं जेआरएफचे दरमहा ३७,०००, मग मूल्यमापन होऊन एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,००० (हे जानेवारी २०२३ पासूनचे दर). उरलेल्या आयुष्याचं नंतर बघू, आधी या पाच वर्षांत आपल्या झाडाच्या किती पिढ्या बसतात ते मोजा. विषय ठरवतानाच. हा हिशोब न केल्यामुळे चांगली हुशार मुलं चौथ्या वर्षी अडकलेली दिसतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

नेटबद्दल एवढंच: लाइफ सायन्सेसच्या भाग 'सी'त ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. वनस्पती शरीरक्रिया, आनुवंशिकी, विकासजीवशास्त्र आणि प्रयोगपद्धती पक्की असेल, तर प्राणिशरीरक्रियेवर रात्री जागायची गरज नाही.

आता अ‍ॅरॅबिडॉप्सिस घ्या, म्हणजे प्रयोगशाळेत सर्रास वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं झाड. बी ते बी साधारण आठ ते दहा आठवडे. जनुक घालायला फ्लोरल डिप करतात: अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (झाडात जनुक पोचवणारा जिवाणू) ५ टक्के साखरेच्या द्रावणात मिसळायचा, ०.०२ ते ०.०५ टक्के सिलवेट (द्रावण नीट पसरवणारं रसायन) घालायचं, फुलोरा काही सेकंद बुडवायचा आणि कुंड्या दिवसभर झाकून ठेवायच्या. सिलवेट जास्त झालं तर कळ्या करपतात. धरलेल्या शेंगा आधीच कापून टाका. जनुक शिरतं ते न उमललेल्या कळ्यांतल्या बीजांडांत, त्यामुळे जुन्या शेंगांचं बी नुसती गर्दी करतं. जनुक घेतलेली रोपं निवडायला बी कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर (५० मायक्रोग्रॅम प्रति मिली) टाकतात; तिथे दाट पेरलं तर जनुक न घेतलेली रोपंही हिरवी राहून फसवतात.

हे झालं टी-१, म्हणजे जनुक घेतलेली पहिली पिढी. टी-२ मध्ये तगलेल्या आणि मेलेल्या रोपांचं ३:१ प्रमाण बघायचं, टी-३ मध्ये सगळी रोपं तगली तर ती ओळ (एका रोपाची वंशावळ) होमोझायगस, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली. म्हणजे क्लोनिंग (जनुक जिवाणूत बसवण्याची तयारी) सोडून आठ-नऊ महिने, तेही वाढकक्षाचं एसी बंद पडलं नाही तर. आणि एक ओळ पुरत नाही. जनुक गुणसूत्रावर कुठे बसलं त्यानुसार परिणाम बदलतो, म्हणून किमान तीन स्वतंत्र ओळी ठेवा. म्युटंटवर (जनुक बिघडलेल्या झाडावर) काम असेल तर कॉम्प्लिमेंटेशनच्या ओळी (त्यात चांगलं जनुक परत घातलेल्या) पहिल्याच वर्षी सुरू करा. पेपर तपासणारे परीक्षक त्या मागतातच, आणि तेव्हा डिपपासून सुरुवात केली तर पेपर वर्षभर लांबतो. भातात तर कॅलसपासून (पेशींच्या अविकसित गोळ्यापासून) रोप उभं करण्यातच कित्येक महिने जातात. तिथे दोन जनुकांचा प्रस्ताव गाईडने सुचवला तरी एकावर आणा.

परदेशातून बी मागवायचं असेल तर एनबीपीजीआरचा (राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो) आयात परवाना लागतो, ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घालायच्या) कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. दोन्ही अर्ज कोर्सवर्क चालू असतानाच टाका.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थिसिसआधी पेपर सक्तीचा राहिलेला नाही. पण पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) निवडताना पहिल्या लेखकाचा पेपर बघतात, तेव्हा सक्ती गेली म्हणून निवांत राहू नका. पेपर परीक्षकांकडे असेल तर प्रीप्रिंट (तपासणीआधीची उघडी प्रत) टाका. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, मात्र ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. तिथल्या प्रयोगशाळाप्रमुखांना थिसिस देण्याच्या वर्षभर आधी लिहा, आणि पत्रात त्यांच्या कोणत्या प्रश्नावर तुमच्या ओळी वापरता येतील ते दोन वाक्यांत सांगा.