तुम्ही विचारलंत म्हणून: गुंड्याच्या नाकाचं ऑपरेशन

ठाण्यात उपवनला तलावाकाठी फिरायला येणारे बरेच जण गुंड्याला, म्हणजे माझ्या चपट्या तोंडाच्या पग जातीच्या कुत्र्याला, ओळखतात. ऑपरेशननंतर तो पुन्हा दिसायला लागला, तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, पग घोरतातच की. त्यासाठी नाकाचं ऑपरेशन कशाला केलंत?" उभ्या-उभ्या मी काहीतरी अर्धवट सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून आज नीट सांगते.

लहानपणी गुंड्या तोंडात रबरी कडं धरून झोपायचा. चपलांच्या रॅकवर हनुवटी टेकलेली, दातांत कडं, डोळे मिटलेले. इतका गोड दिसायचा की मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. तोंड मिटलं की त्याचा श्वास अडायचा आणि तोंड उघडं राहावं म्हणून तो ते कडं धरायचा, हे मला दोन वर्षांनी कळलं. ते फोटो आता मला बघवत नाहीत.

घोरण्याबद्दल मी विचारलं नव्हतं असं नाही. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, "पग आहे, असाच असतो." मला ते पटलं, कारण तेच ऐकायचं होतं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा २०१२ सालचा अभ्यास नंतर वाचला. ज्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असल्याचं स्पष्ट होतं, त्यांच्याही निम्म्याहून जास्त मालकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या मालकांत मीही होते.

मग तो मे महिना. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, ऊन उतरलेलं, पण हवा दमट आणि पानही हलत नव्हतं. तलावाला अर्धा फेरा झाला आणि गुंड्या बसला. धाप थांबेना, घशातून खरखर, आणि गुलाबी जीभ बघता बघता जांभळट झाली. जवळच्या नळाचं पाणी पोटावर, पंजांवर ओतलं आणि रिक्षात पडदा वर करून, वारा लागेल असं मांडीवर धरून दवाखान्यात नेलं. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्याचं १०५ च्या पुढे होतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर टाकायची. हवा दमट असली की तोंडातला, जिभेवरचा ओलावा फारसा उडत नाही, आणि श्वासाची वाट अरुंद असली की धापेच्या कष्टानंच अंग आणखी तापतं.

तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च धरून मला त्याचं नाक दाखवलं. धडधाकट कुत्र्याची नाकपुडी समोरून स्वल्पविरामासारखी, वरच्या बाजूला गोल आणि मोकळी दिसते. गुंड्याची नुसती उभी चीर होती. श्वास घेताना ती रुंद व्हायच्या ऐवजी आतच ओढली जायची. भिजून मऊ पडलेल्या कागदी स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा, जितका जोर लावाल तितकी ती मिटते. आतही तेच चाललेलं असतं. पिढ्यान् पिढ्या चपट्या तोंडाची निवड करून माणसानं कवटी आखूड केली, पण आतलं मांस त्या मापात कमी झालं नाही. मऊ टाळू, म्हणजे टाळूचा मागचा भाग, लांब राहून स्वरयंत्रावर लोंबते. रोज जोर लावून लावून स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या बाहेर उलटतात, आणि फार वर्षं गेली तर स्वरयंत्रच खचायला लागतं. म्हणून मोठा झाल्यावर बघू, हे या दुखण्यात चालत नाही.

ऑपरेशनमध्ये नाकपुडीच्या पाळीची पाचरीच्या आकाराची फोड काढून टाके घातले आणि टाळूची लोंबती कड छाटली. मला जास्त भीती भुलीतून बाहेर येण्याची होती, आणि ती खोटी नव्हती: भूल पुरती उतरायच्या आत अशा कुत्र्याचा घसा मिटू शकतो. म्हणूनच श्वासाची नळी काढायची घाई करत नाहीत. गुंड्या चांगला जागा झाला, नळी चावायला लागला, तेव्हा काढली.

तो पूर्ण बरा झालाय का? नाही. झोपेत थोडा घोरतो. मानेत पट्टा नाही, छातीचा हार्नेस. वजन दर महिन्याला बघतो, मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या आत फिरणं संपवतो. पण आता तो कडं न धरता, कुशीवर झोपतो.

"मग आम्ही पग घेऊ का?" हा पुढचा प्रश्न. माझं मत विचाराल तर चपट्या तोंडाचं पिल्लू विकत घेऊ नका. नेदरलँड्समध्ये कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून आखूड नाकाडाच्या कुत्र्यांची पैदास २०१९ पासून करता येत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. घरात आधीच असेल, पग असो, फ्रेंच बुलडॉग असो की शिह त्झू, तर सकाळच्या गारव्यात त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीनं चालवा, मग थांबून त्याच्या गळ्याशी कान न्या. खरखर ऐकू आली तर चार-सहा महिन्यांचं पिल्लू असलं तरी नाक आणि टाळू तपासून घ्या. एक डॉक्टर "असाच असतो" म्हणाले तर दुसऱ्याकडे जा.