स्टीलच्या डब्यातला पेशंट

डिसेंबरातली सकाळ होती. पंचवटीतल्या माझ्या दवाखान्याचं शटर जेमतेम वर गेलं होतं, तेवढ्यात एक काका स्टीलचा डबा छातीशी धरून पायरी चढले. मफलर, स्वेटर, आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या. नाशिकरोडहून रिक्षाने आले होते आणि द्वारकेच्या सिग्नलला धक्का बसून निम्मं पाणी अंगावर सांडलं होतं.

"मॅडम, मासा बघता का हो तुम्ही?"

माझ्याकडे कुत्री-मांजरी येतात, कधी मखमलाबादकडची एखादी शेळी. मासा तोवर एकदाही आला नव्हता. पण डब्यात डोकावले आणि नाही म्हणवलं नाही. वीतभर गोल्डफिश एका कुशीवर कलला होता. डाव्या बाजूला, कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीकडे तीन उभे ओरखडे होते. मधला खोल होता, तिथले खवले गेले होते आणि आतलं गुलाबी मांस दिसत होतं. रात्री खिडकीतून मांजर आलं, टाकीवर झाकण नव्हतं. काकांना तो सकाळी टाकीच्या तळाशी पडलेला सापडला. त्यांनी कोरड्या फडक्यात धरून त्याला हळद लावली होती. हळद लावण्यामागची माया मला कळत होती, म्हणून काही बोलले नाही. पण माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याचा जंतूंपासूनचा पहिला बचाव. कोरड्या कापडाने नेमका तोच पुसला जातो.

मत्स्यविज्ञान शिकलेल्या एका मित्राला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "जखम नंतर बघ. आधी पाणी बघ."

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत असतात. कातडी फाटली की पाणी जास्त शिरतं, क्षार बाहेर झिरपतात आणि मासा त्यानेच थकून जातो. म्हणून 20 लिटरच्या टबात 60 ग्रॅम खडे मीठ विरघळवलं, म्हणजे लिटरला 3 ग्रॅम. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ल्यांना भाजतं. त्यावर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं हायपो घातलं. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तेच हे.

मग जखम. शेजारच्या मेडिकलमधून दातदुखीचं लवंगेचं तेल आणलं. माशाला भूल देण्यासाठी ते चालतं, पण पाण्यात मिसळत नाही. बाटलीत कोमट पाण्याबरोबर पांढरट होईपर्यंत जोरजोरात हलवलं आणि ते थेंबाथेंबाने वेगळ्या भांड्यात सोडलं. कल्ल्यांची उघडझाप मंदावली, मासा आडवा झाला. ओल्या हातांनी त्याला उचललं, हळद धुतली, पातळ केलेलं आयोडीन कापसाच्या बोळ्याने फक्त जखमेवर टेकवलं. कल्ल्यात जाऊ नये म्हणून डोकं वर धरलं होतं. टाका घातला नाही. ती पातळ कातडी टाक्याला फाटली असती. मिनिटभराचं काम.

स्वच्छ पाण्यात सोडला आणि कल्ले हललेच नाहीत.

माझ्या पोटात गोळा आला. मित्राने सांगून ठेवलं होतं, तोंडातून पाणी आत गेलं पाहिजे, उलटं ओढायचं नाही. मी त्याला पोटाखालून धरून पाण्यात पुढे सरकवत राहिले, टबाच्या कडेकडेने, गोल गोल. काका घड्याळाकडे बघून बोलत होते, "एक मिनिट... दीड मिनिट..." दोन मिनिटं होऊन गेल्यावर कल्ल्याचं झाकण एकदा उचललं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. काका मटकन स्टुलावर बसले.

पुढचे तीन आठवडे उपचार त्यांनीच केले. टब नवा, त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नाहीत. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो आणि तो त्यालाच बाधतो. म्हणून रोज निम्मं पाणी बदलायचं, आणि जेवढं बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ घालायचं, असं सांगितलं होतं. थंडीत माशाची जखम हळू भरते, म्हणून हीटर लावून तापमान सावकाश 22 अंशांवर आणलं. काका नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नोटा तपासण्यात आयुष्य गेलं, नजर अजून तशीच. दोनशे पानी वहीत त्यांनी तापमान, मीठ, मिनिटाला कल्ले किती वेळा हलले, मटार खाल्ला की टाकला, सगळं लिहिलं. मासा नातवाने आणलेला, सहा वर्षांपूर्वी. नातू आता पुण्याला शिकतो. त्याला रोज रात्री व्हिडिओ कॉलवर टब दाखवायचा, हाही त्या वहीत एक रकाना होता.

माशाच्या जखमेवर खपली धरत नाही. कडेच्या पेशी सरकत येतात आणि पातळ पडदा चढतो. आठव्या दिवशी तो दिसला. बाराव्या दिवशी सकाळी सातला काकांचा फोन आला. आवाज कापत होता.

"मॅडम, जखम काळी पडलीये. सडली का हो?"

फोटो बघितला. ओरखड्यांच्या कडांनी काजळ ओढल्यासारखी रेघ होती. गोल्डफिशची जखम भरताना तिथे कधी कधी असं काळं रंगद्रव्य जमतं. "काका, भरतेय ती. पुढे जाईल तो काळेपणा," म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज दोन मटार खाल्लेत त्याने."

जानेवारीत मासा मोठ्या टाकीत परत गेला. वर जाळीचं झाकण, त्याला दोन कड्या. काळेपणा ओसरला आणि मधल्या ओरखड्यावर खवले आले. ते सोनेरी नाहीत, पांढरट आहेत. नातू सुट्टीत आला तेव्हा काकांनी त्याला आधी ती जागा दाखवली, मग वही.