ऑक्टाव्हिया आरएस : ऑइल प्रेशरचा लाल दिवा

ओडोमीटर १,३८,४१०. मागच्या नोंदीत पुढच्या सस्पेन्शनचे बुश बसवून झाले होते. आता पावसाळ्यापर्यंत गाडीला पाना लावायचा नाही, असं घरी कबूलही केलं होतं. तो शब्द काही पाळता आला नाही.

रविवारी पहाटे संभाजीनगरहून जालन्याला परत येत होतो. सावंगीला समृद्धीवर चढलो, पाचवा गिअर, काटा ३००० च्या आसपास, गाडी अगदी सुतासारखी चाललेली. वीसेक किलोमीटर झाले असतील, तोच तीनदा बीप वाजला आणि मीटरमध्ये ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. क्लच दाबला, गाडी कडेला घेतली, चावी बंद. या सगळ्याला दहा सेकंदंही लागली नसतील, पण त्या दहा सेकंदांत पोटात गोळा आला. टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो फिरतो नुसत्या तेलाच्या पातळ थरावर. तेल थांबलं की आधी टर्बो जातो, मग बेअरिंग. ऑइलचा दिवा पिवळा असेल तर तेलाची पातळी बघून, कमी असेल तर भरून पुढे जाता येतं. लाल असेल तर जिथे आहात तिथेच थांबायचं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

डिपस्टिक काढून पाहिली, तेल वरच्या खुणेशी. खाली थेंब नाही. पंधरा मिनिटांनी चालू केली तर आयडलला (रेस न देता) दिवा नाही, आवाजही स्वच्छ, वरच्या टॅपेटची टकटक अजिबात नाही. जरा रेस दिली, की २००० च्या अलीकडेच पुन्हा बीप. लगेच बंद केली आणि टोइंगवाल्याला फोन लावला. दोन तास उन्हात बसलो. एप्रिल आमच्याकडे काय असतो ते सांगायला नको.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडं. ही २००५ ची, स्कोडा ऑक्टाव्हियाच्या पहिल्या पिढीतली आरएस, म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती. १.८ लिटर टर्बो, चार सिलिंडरना वीस व्हॉल्व्ह, १५० पीएस, २१० न्यूटन-मीटर. युरोपातली आरएस १८० पीएसची होती, आपल्याकडे सौम्य करून आली. तरी त्या काळात पेट्रोल टर्बो आणि तीही आपल्याकडे जुळवलेली, ही मोठी गोष्ट होती. आणि ती जुळवली कुठे, तर शेंद्र्याला, स्कोडाच्या कारखान्यात, माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. चार दारं आणि मोठी डिकी आहे म्हणून तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं नाही, असं काही जण म्हणतात. त्यांनी एकदा दुसऱ्या गिअरमध्ये ३००० च्या पुढे पाय दाबून पाहावा.

सोमवार, मंगळवार

दोन ठिकाणी विचारलं. एकाने गाडी न बघताच सांगितलं, "सेन्सर गेला, नवा टाका, निघा." दुसऱ्याने बॉनेट उघडून मान हलवली आणि पंप, टर्बो, सगळंच सांगितलं, म्हणजे इंजिन उतरवायचं. दोघांपैकी कुणीच काही मोजलं नव्हतं.

दुसऱ्याची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य करायला हवं. हे इंजिन गाळासाठी बदनाम आहे. साधं मिनरल तेल घातलं आणि बदलायला उशीर केला, की टर्बोच्या उष्णतेने तेल करपतं, त्याचे काळे कण संपमध्ये (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात) बसतात आणि पंपाच्या तोंडाची जाळी बुजते. मग लक्षणं नेमकी अशीच दिसतात: गार असताना ठीक, आयडलला ठीक, आणि लांब पल्ल्यावर तापली की प्रेशर ढासळतं. माझ्याकडे आल्यापासून तेल फोक्सवॅगनच्या ५०२ ०० प्रतीचं, ५डब्ल्यू-४० पूर्ण सिंथेटिक, पण आधीच्या मालकांनी काय ओतलं ते कुणाला ठाऊक.

शेवटी चाचांकडे गेलो. चाळीस वर्षं डिझेल इंजिनं खोललेला माणूस. त्यांनी वाकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "इंजिन चांगलं बोलायलंय दादा, कामून खोलता? आधी काटा लावा." तेच करायचं ठरवलं.

हा सेन्सर म्हणजे खरं तर सेन्सर नाहीच, स्विच आहे. प्रेशर किती ते तो सांगत नाही. त्याच्या आत एक पडदा असतो आणि तेलाने १.४ बारच्या आसपास रेटा दिला की आतला कॉन्टॅक्ट जुळतो. एकच पिन, दुसरं टोक म्हणजे त्याची बॉडी, जी आट्यांतून इंजिनला अर्थ होते (विजेला परतीची वाट देते). साधारण दीड हजार आरपीएमच्या वर गेल्यावर मीटर बघतो की कॉन्टॅक्ट जुळलाय का. नसेल, तर बीप. म्हणून आयडलला दिवा येत नव्हता. जुन्या गाड्यांत प्रेशर गेलं की कॉन्टॅक्ट जुळून दिवा लागायचा, इथे उलट आहे. वायर तुटली तरी दिवा येतो, पिन निघाली तरी येतो, स्विच मेला तरी येतो, आणि प्रेशर खरोखर गेलं तरी तोच दिवा. चार कारणं आणि एकच दिवा, त्यामुळे नुसता स्विच बदलून बघणं मला पटत नव्हतं. नव्या स्विचनेही दिवा राहिला असता, तर मी होतो तिथेच राहिलो असतो आणि इंजिन मधल्या काळात फिरलेलं असतं.

बुधवार

जालन्यात राहण्याचा एक फायदा आहे. सळईच्या रोलिंग मिलमुळे एमआयडीसीत हायड्रॉलिकचं सामान ढिगाने मिळतं. होज क्रिम्प करणाऱ्याकडून दोन फुटांचा होज आणि ० ते १० बारचा गेज घेतला. तिथे सगळे 'किती केजीचा?' असं विचारतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो. बार आणि केजी व्यवहारात सारखेच धरले तरी चालतं.

अडॅप्टर मात्र तयार मिळाला नाही. स्विचचे आटे दहा बाय एक (दहा मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत एक मिलिमीटर), बारीक. दुकानातले सगळे दहा बाय दीड. म्हणून जुना स्विच खिशात घालून लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी आटे आट्यांच्या गेजने तपासले, पितळी सळई चकमध्ये धरली आणि अर्ध्या तासात नमुन्याबरहुकूम तुकडा काढून दिला. एका टोकाला दहा बाय एक, दुसऱ्या टोकाला होजचे आटे, मधून चार मिलिमीटरचं आरपार भोक. पितळेचे सोनेरी केस त्यांच्या मनगटावर चिकटले होते, ते फुंकरून त्यांनी विचारलं, "तेल गरम असंल ना? मग वॉशर तांब्याचाच टाका, फायबरचा टिकणार नाही."

स्विच काढायचा म्हणजे: गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकखाली जाऊ नका), खालची प्लास्टिकची ट्रे काढा, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली तो सापडेल. २४ चा खोल सॉकेट लागतो. पिनचा क्लिप इतक्या वर्षांत वाळून ठिसूळ झालेला असतो, तेव्हा स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याआधी जरा गरम फडकं धरा.

पिन काढली आणि आतून तेल ओघळलं. पहिला पुरावा. स्विचच्या प्लास्टिक आणि धातूच्या सांध्यातून तेल झिरपून कनेक्टरमध्ये भरलं होतं. दुसरा पुरावा आट्यांवर: कुणीतरी पूर्वी त्यावर टेफ्लॉनचे चार वेढे मारले होते. हे कृपा करून करू नका. बॉडीतूनच अर्थ मिळायचा असतो आणि टेप तोच अडवतो. शिवाय त्याच्या चिंध्या तेलाच्या वाटेत जातात. सील करायचं काम वॉशरचं आहे.

गुरुवार रात्र

होजच्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) बसवली. एका बाजूला गेज, दुसऱ्या बाजूला टेप खरवडून साफ केलेला तोच जुना स्विच. रबरी होजच्या टोकाला लटकलेल्या टीला इंजिनची अर्थ खात्रीने मिळेलच असं नाही, म्हणून तिच्यापासून ब्लॉकला वेगळी वायर बांधली. हे विसरलं तर चांगला स्विचही मेलेला दिसेल. बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या पिनला एलईडीचा टेस्टर. बल्बचा नको, स्विचचा कॉन्टॅक्ट तेवढ्या करंटसाठी केलेला नाही.

गार इंजिन चालू केलं. काटा सरळ पाचच्या वर. एलईडी लागला. मी आणि भाचा दोघंही काही न बोलता काट्याकडे बघत बसलो. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत तापू दिलं. आता आयडलला १.७ बार, २००० ला ३.६. या इंजिनाला तेल ८० अंशांवर असताना २००० आरपीएमला ३ ते ४.५ हवं, म्हणजे जवळपास मधोमध. आणि इकडे एलईडी फडफडायला लागला होता. काटा ३.६ वर स्थिर, दिवा चालू-बंद-चालू. भाच्याने पिनला बोट लावलं की लागायचा, सोडलं की विझायचा.

मग गाडीची मूळ वायर एकदा थेट ब्लॉकला अर्थ केली आणि २००० वर नेली: मीटर गप्प. वायर मोकळी सोडली: तीन बीप. म्हणजे वायर आणि मीटर दोन्ही शाबूत, दोषी स्विचच.

तरी मी तेवढ्यावर थांबलो नाही. बुजलेली जाळी जागेवर उभ्या गाडीत फसवू शकते, कारण गाळ जाळीला येऊन चिकटायला मोठा प्रवाह आणि वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे होज बॉनेटच्या मागच्या फटीतून वर काढला आणि गेज वायपरला, काचेच्या बाहेर, घट्ट बांधला. तापलेल्या तेलाची नळी केबिनमध्ये कधीही घ्यायची नाही, फिटिंग सुटलं तर मांडीवर उकळतं तेल येईल. समृद्धीवर वीस मिनिटं, ३००० आरपीएम, भाचा मोबाइलमध्ये काटा टिपत होता. चारच्या किंचित वर गेला तो तिथेच राहिला. एकदाही खाली आला नाही. संप खोलायचा विचार त्या पहाटे सोडला.

पुढचा आठवडा

नवा स्विच पुण्याहून मागवला, ट्रॅव्हल्सच्या पार्सलने सकाळी सातला स्टँडजवळ मिळाला. आटे तेच, उंची तीच, पिन तीच. बसवणारच होतो, पण आधी मल्टिमीटर लावला आणि बीप वाजला. प्रेशर नसताना कॉन्टॅक्ट जुळलेला, म्हणजे हा जुन्या पद्धतीचा, ०.३ बारचा. हा बसवला असता तर आटे बरोबर बसले असते आणि दिवा नेमका प्रेशर चांगलं असताना आला असता. मग मी संप उतरवून बसलो असतो. परत पाठवला.

दुसरा आला तो १.४ बारचा, साडेसातशे रुपये. प्रेशरशिवाय मल्टिमीटर गप्प. पण जुळतो कुठे तेही बघायचं होतं. १.४ बार म्हणजे जवळपास २० पीएसआय, आणि तेवढी हवा गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे असतेच. त्याच टीला नवा स्विच लावून हवेची नळी जोडली, हळूहळू हवा सोडली. १९ ला शांत, २० च्या पुढे जरा गेला आणि मल्टिमीटर वाजला. हवा सोडली, गप्प. दहादा केलं, दहाही वेळा तिथेच. पंक्चरवाले भाऊ हातातलं काम टाकून बघत होते. त्यांनी स्वतः एकदा करून पाहिलं तेव्हाच समाधान झालं त्यांचं.

बसवणं वीस मिनिटांचं. कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवला, नवा वॉशर, टेप नाही, २५ न्यूटन-मीटर. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, हाताच्या अंदाजाने आवळू नका.

जुना स्विच हॅकसॉने उभा कापला. पडदा एका कडेला केसाएवढा चिरला होता. त्यातून तेल वर चढून कॉन्टॅक्टवर बसलं आणि उष्णतेने आटून काकवीसारखं चिकट झालं होतं. नखाने खरवडलं तर खाली तांबं काळं पडलेलं. गार असताना कॉन्टॅक्ट कसाबसा जुळत असावा, तापल्यावर पातळ झालेलं तेल पुन्हा मधे येत असावं.

ओडोमीटर आज १,३९,२६५. संभाजीनगरच्या चार फेऱ्या, एक लातूर, भर दुपारी, एसी लावून. दिवा फक्त चावी फिरवल्यावर लागतो आणि विझतो. तेल आता दर ७,५०० किलोमीटरला बदलणार, आणि त्या वेळी फिल्टर कापून बघेन.

गेज, होज आणि मामांचा पितळी अडॅप्टर डब्यात तेल लावून ठेवलाय. दहा बाय एकचे आटे याच घराण्यातल्या (फोक्सवॅगन-स्कोडाच्या) बऱ्याच जुन्या इंजिनांना चालतात. परवा बीडहून एक जण स्कोडाचीच लॉरा घेऊन आले होते, त्यांचाही तोच दिवा. त्यांच्या गाडीत मात्र काटा तापल्यावर ०.९ वर आला. त्यांनी तिथेच चावी काढली आणि गाडी ट्रेलरवर घालून नेली.