भांडी घासणाऱ्यांची यादी

मी तत्त्वज्ञान शिकवतो आणि महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही बघतो. गेल्या हिवाळ्यातलं शिबिर बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पायथ्याच्या एका गावात होतं. दिवसा शोषखड्डे खोदायचे, रात्री शाळेच्या वर्गात बौद्धिक. त्या रात्री माझा विषय होता अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि बाबासाहेब.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूई तिथे प्राध्यापक. ड्यूईंचं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६चं. समाज तपासायला त्यात दोन प्रश्न आहेत: आतल्या माणसांची समान हितं किती आणि किती तऱ्हेची, आणि इतर गटांशी त्यांची देवाणघेवाण किती मोकळी? एकी तर चोरांच्या टोळीतही असते, पण या दोन्ही प्रश्नांत ती नापास होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये घेतला. उदाहरण म्हणून मी आमच्या पंगतीकडे बोट दाखवलं. मराठा, बौद्ध, वंजारी, मुस्लिम, लिंगायत, सगळी पोरं शेजारी बसून पिठलं-भाकरी खात होती.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. “सर, जेवतो एकत्र. पण मागं भांडी कोण घासतंय, ते बघा की.”

फळ्यावर कामाची यादी होतीच. भांड्यांपुढे मुलींची नावं, आणि मुलं होती ती सगळी दलित वस्तीतली. हत्यारं, माईक, हिशेब बाकीच्यांकडे.

यादी लावणारा मुलगा कळवळून म्हणाला, “आम्ही जात बघून नाही लावली, ताई.”

“बघून लावली असं मी म्हणतच नाही. लागली कशी, ते विचारते.”

विचार असो की कृती, ती प्रत्यक्ष परिणामांवरून तपासायची, हे फलप्रामाण्यवादाचं, म्हणजे ड्यूईंच्या ‘प्रॅग्मॅटिझम’चं, मर्म. पुस्तकातून ते मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, इतकं नेमकं कधी ऐकलं नव्हतं. बाबासाहेबही पंगतीवर थांबत नाहीत. सहभोजन चालणाऱ्या जाती अनेक आहेत, तरी जातभावना मेली नाही, असं ते त्याच ग्रंथात लिहितात. शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धाच मोडायला हवी, हे त्यांचं म्हणणं. मोकळ्या चर्चेनं माणूस बदलेल यावर माझा भरवसा मोठा आहे, पण ती रात्र आठवली की वाटतं, त्या चर्चेला कुणीतरी धीटपणे तोंड फोडावं लागतं.

वाद बराच वेळ चालला. अखेर चिठ्ठ्या टाकल्या. “घरी मी ताटही उचलत नाही,” म्हणणाऱ्या एकाला त्याच मुलीनं हौदापाशी पातेलं कसं घासायचं ते दाखवलं. एकानं साफ नकार दिला. त्यानं पाणी शेंदायचं कबूल केलं, आणि त्यावर पोरांचं आपसात अजूनही एकमत नाही.

सकाळी खड्ड्यावर तिनं पुढचा मुद्दा काढला: यादी करणारी समिती कुणी नेमली? संध्याकाळी सगळ्यांनी हात वर करून समिती नव्यानं निवडली. तीत ती होती, आणि आधीची यादी लावणारा तो मुलगाही.