अकराव्या कडव्यानंतर

पहाटे साडेचारला खोवणीचा आवाज सुरू झाला की माझी तू बिशवात, झाडांच्या नववर्षाचा आमचा सण, उजाडते. अलिबागच्या इस्राएल आळीतले आमचे माहेरचे घर, मागच्या पडवीत ओळीने मांडलेल्या पाच विळ्या, आणि त्यावर बसलेल्या काकू, आत्या, मावश्या, भाच्या. यंदा एकोणचाळीस नारळ फोडले. पोहे आधीच धुऊन निथळत ठेवले होते. साखर, वेलची, जायफळ, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप यांची भांडी फडक्याखाली झाकलेली. मलिदा, म्हणजे पोहे-नारळाचा आमचा नैवेद्य, कालवायचा हात मात्र आमच्यात एकटीचाच. पेणची मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तरी परातीत हात तीच घालते. पोहे चुरगळता कामा नयेत आणि नारळ गोळा होता कामा नये, हे तिच्या बोटांना कळते. आम्ही फक्त परात धरतो.

ज्यांना आमच्या रिवाजाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, ती आमची मूळ माणसे, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत, म्हणून गावोगाव आम्हांला ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवे, पेण, रोहे, नवगाव, किहीम अशा गावांवरून आमची आडनावे पडली. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्यावर आमची फार श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळे गावात (घाटातला खंडाळा नव्हे) एका कातळावर त्यांच्या रथाच्या खुणा आणि घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत, तेथूनच ते आकाशात गेले, असे आमचे वाडवडील सांगत. त्या जागेला आम्ही ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतो. नवस बोलायचा तोही तिथे, फेडायचा तोही तिथे. आमच्या पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, तू बिशवातला, मलिदा घेऊन आम्ही त्या कातळावर जातो. तिथी शनिवारी आली तर शब्बाथला प्रवास नको म्हणून रविवारी जातो.

सकाळची तेफिला, म्हणजे प्रार्थना, मागेन आबोथमध्ये होते. हे आमचे सिनेगॉग 1848 सालचे, आताची इमारत 1910ची. सामुदायिक प्रार्थनेला मिनयान लागते, दहा पुरुष. यंदा साडेसातला मोजले तर नऊच. प्रार्थना चालवणारे हज्जानकाका पुस्तक उघडून उभे, सिनेगॉगची देखभाल करणारे शामाशकाका दारात उभे, आणि आम्ही बायका मनातल्या मनात कोणाचा मुलगा कुठे अडकला असेल याचा हिशेब करत होतो. माझा चुलतभाऊ रेवदंड्याहून स्कूटरवर निघाला होता. वाटेत चाक बसले म्हणून त्याने स्कूटर एका वाडीत लावली आणि उसाच्या टेम्पोत बसून आला. कपाळावर घाम, खांद्यावर उसाचे पाते, आणि दारातल्या मेझुझाला (चौकटीवरच्या पवित्र वचनांच्या डबीला) हात लावून बोटे ओठांशी नेणारा तो दहावा माणूस आत शिरला तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघायला हवे होते. एके काळी इथे सणाला उभे राहायला जागा नसे. आता इस्राएल देशात लोद, अश्दोद, रामले, दिमोना इथे आमची जेवढी माणसे आहेत त्याच्या तुलनेत अख्ख्या रायगडात मूठभर उरली. पण मुंबई आणि ठाणे काही समुद्रापार नाही. तिथून आठच्या आत पोचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि हे मला दरवर्षी लागते.

खंडाळ्याचा कार्यक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. कातळाजवळ चादर अंथरली, मधोमध मलिद्याची परात, वर केळी, खजूर, संत्री, सफरचंद, चिकू, बाजूला गुलाब आणि सब्जा. झाडाच्या फळांची बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचे वचन, वेगळी, जमिनीतल्या पिकाची वेगळी, सुवासाची वेगळी. मग ‘एलियाहू हन्नाबी’ सगळे एका सुरात म्हणतात. त्या वेळी सब्जाची काडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, प्रत्येक जण ती नाकाशी नेतो, आणि दुपारच्या उन्हात त्या वासाने डोळे भरून येतात.

संध्याकाळचे संमेलन सिनेगॉगच्या आवारात. पाहुण्यांचे स्वागत, हार, अध्यक्षांचे दोन शब्द, दहावी-बारावीच्या मुलांना बक्षिसे, हे सगळे वेळेवर आणि चांगले झाले.

त्यानंतर मुलांचे नाटुकले झाले. विषय दरवर्षी तोच, दाविद राहाबी आणि मासळीची परीक्षा. परदेशातून आलेल्या राहाबीने हे लोक खरेच इस्राएल आहेत का हे पाहायला बायकांपुढे टोपलीभर मासळी ठेवली. बायकांनी पंख आणि खवले असलेली, म्हणजे आमच्या शास्त्राला चालणारी, तेवढी उचलली, बाकीची बाजूला केली, आणि त्याची खात्री पटली. पुठ्ठ्याचे मासे गेली नऊ वर्षे माझ्या भाचीने जपून ठेवलेत. पापलेट आणि रावस चंदेरी कागदाचे, कोळंबी गुलाबी, चिंबोरीला झाडूच्या काड्यांचे पाय. यंदा नाटुकल्यात आजीचे काम करणारी मुलगी सहा वर्षांची होती. तिने चिंबोरी उचलली, दोन्ही बाजूंनी नीट पाहिली, आणि “ही आपली नाय” म्हणून टोपलीबाहेर ठेवली. संवादात ते नव्हते. मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मला त्या वाक्यात माझी आजी ऐकू आली, कारण बाजारातून येताना कोळणीशी ती याच शब्दांत बोलायची.

पूर्वी नाटुकल्याच्या जागी कीर्तन असे. आमच्या लोकांनी 1880च्या दशकात मराठी कीर्तनाची परंपरा उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत बांधली. त्याच्याही आधी, 1846 साली, मुंबईत पेसाहची, म्हणजे मिसर देशातून सुटकेच्या सणाची, हग्गादा ही पोथी मराठी अर्थासह छापली गेली होती. देवाशी इब्रानीत (हिब्रूत) बोलायचे आणि आपसात देवाबद्दल मराठीत बोलायचे, हे आमचे जुने आहे. मी लहान असताना ठाण्याहून एक वृद्ध कीर्तनकार येत. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना त्यांची पेटी माझे वडील डोक्यावर घेत. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथे ते गाणे थांबवत आणि नुसते टाळ वाजवत, हळू, मग आणखी हळू. आवारात बसलेली पुरुषमाणसे पंचाने डोळे पुसत. ते कीर्तनकार गेले तेव्हा मी नववीत होते, आणि ती जागा पुन्हा भरली नाही.

उरली ती बायकांची गाणी. माझ्यासाठी संमेलन म्हणजे ती गाणी. आमच्या घराघरांत बायकांच्या हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या असत. हळदीला, मेंदीला, बारशाला, सणाला म्हणायची मराठी गाणी त्यांत आहेत, आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टीही. आजीची वही माझ्याकडे आली. पाने पिवळी, कडा कुरतडलेल्या, आणि मोशेच्या गाण्याच्या पानावर खोबरेल तेलाचा मोठा डाग, कारण हे गाणे म्हणताना आजी माझ्या आईच्या केसांना तेल लावत असे. डागाखालची अक्षरे आता उजेडात धरली तरच वाचता येतात.

या गाण्याची सोळा कडवी आहेत. इस्राएलांचे मुलगे नदीत टाकायचे फारो राजाचे फर्मान निघते, मोशेची आई योखेबेद बाळाला तीन महिने लपवते, मग लव्हाळ्याची टोपली विणते. आजीच्या गाण्यात त्या टोपलीला होडीला लावतात तसे डांबर लावतात आणि नाईल नदीला भरती-ओहोटी येते. आई ओहोटीची वाट बघते, टोपली पाण्यात सोडते, आणि अकराव्या कडव्यात पाठ फिरवून घराकडे चालू लागते. मागे वळून बघत नाही. बाराव्यात बाळाची बहीण मिर्याम लव्हाळ्यात उभी दिसते, तेराव्यात राजकन्या येते, आणि पंधराव्यात बाळ दूध पाजायला पुन्हा आईच्याच मांडीवर येते. आजीचा नियम कडक होता. हे गाणे सुरू केले की सोळावे कडवे म्हणूनच उठायचे, दारात कोणीही येवो, चुलीवर काहीही असो. “लेकरू पाण्यात ठेवून कुठं चाललीस?” असे ती उठणाऱ्या बाईला विचारायची.

आता माझे गाऱ्हाणे सांगते. परतीची बस साडेपाचला सुटते आणि गाणे सवापाचला सुरू होते. गेली चार वर्षे बरोबर अकराव्या कडव्याशी हॉर्न वाजतो. पिशव्या उचलल्या जातात, चपला शोधल्या जातात, हातबोशी (एकमेकांचे हात हातात घेऊन बोटे ओठांशी नेणे) घाईघाईत होते, आणि निम्मे आवार रिकामे. यंदा मी शेवटपर्यंत मोजत होते. सुरुवातीला एकशे बारा माणसे होती, बाराव्या कडव्याला सव्वीस राहिली. भाषणांना कोणी उठत नाही, फोटोला कोणी उठत नाही. गेलेल्यांत माझ्या सख्ख्या नात्यातली माणसेही होती, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. पण ज्यांनी आम्हांला ही गाणी दिली त्यांना बस चुकण्याची भीती नव्हती का? त्या तर बैलगाडीने आल्या होत्या.

राहिलेल्या सव्वीस जणींनी आणि जणांनी मात्र ते गाणे असे म्हटले की विसरणार नाही. पेणच्या मावशीचा आवाज आता वर चढत नाही. तेराव्या कडव्याला ती अडखळली, तेव्हा मागून पुरुषांच्या रांगेतून हज्जानकाकांनी ओळ उचलली. त्यांनी हे गाणे बायकांत कधी म्हटले नव्हते, पण लहानपणी आईच्या कुशीत ऐकलेले त्यांना सगळे पाठ होते. माझ्या बहिणीला अश्दोदला फोन लावून ठेवला होता. तिच्याकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि सोळावे कडवे संपल्यावर ती म्हणाली, “ताई, फोन ठेवू नकोस.”

आता आभार. नावे लिहायला बसले तर एखादे राहील. मागे एका वर्षी ज्या काकूंचे नाव आभारात राहिले त्या पुढची दोन वर्षे आल्या नाहीत, आणि चूक माझीच होती. म्हणून कामावरून लिहिते, ज्याचे काम त्याला कळेलच.

नारळ ज्या वाडीतून आले त्या चौलच्या वाडीवाल्यांनी यंदाही पैसे घेतले नाहीत. त्यांच्या आजोबांना आमच्या पणजोबांच्या घाण्याचे तेल जात असे, तो धागा ते अजून धरून आहेत. खंडाळ्याच्या कातळापर्यंतची वाट आदल्या दिवशी कोयत्याने साफ करणारे गावातले दोघे भाऊ. पाण्याची पिंपे आणणारा रिक्षावाला. कातळावर ऊन लागू नये म्हणून शीड बांधून देणारे कोळीवाड्यातले दादा. मंडपवाल्यांचा मुलगा, ज्याने खुर्च्या कमी पडल्या तेव्हा स्वतःच्या घरच्या आणल्या. शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाची, ज्या चाळीस वर्षे आमच्या पडवीत खजूर निवडायला येतात. सरबतासाठी काळ्या मनुका रात्री भिजत घालणारी धाकटी काकू. नारळाच्या दुधातले मटण शिजवणारे दोघे मावसभाऊ, ज्यांना धुरामुळे नाटुकले बघता आले नाही. वालाचे बिरडे सोलणाऱ्या सहा जणी, त्यांतल्या एकीच्या बोटाला कापले तरी ती उठली नाही. चपलांवर लक्ष ठेवणारा सातवीतला मुलगा. सेफेर तोराची (पवित्र शास्त्राच्या गुंडाळीची) मखमल उन्हात धरून झटकणारे शामाशकाका. उसाच्या टेम्पोचा चालक, ज्याच्यामुळे मिनयान झाले. त्याला मलिद्याचा द्रोण दिला तेव्हा तो म्हणाला की गोड आहे, आमच्याकडच्या पोह्यांसारखेच. भांडी घासणाऱ्या तीन मावश्या रात्री दहापर्यंत थांबल्या. त्या झोपडीतून येताना मुलांना घेऊन आल्या आणि मुलांनी पुठ्ठ्याची मासळी खेळायला घेतली, म्हणून चिंबोरीचा एक पाय तुटला. तो मी चिकटवला आहे. आणि सकाळी साडेचारला दिवे गेले तेव्हा पडवीत मोबाईलचा उजेड धरून तासभर उभी राहिलेली माझी सून. ती आमच्यात जन्मलेली नाही, पण मलिदा कालवायला पुढच्या वर्षी पेणची मावशी तिलाच शेजारी बसवणार आहे. मावशीने मला तसे कानात सांगितले.

कोणी राहिले असेल तर मला फोन करून सांगावे. मनात ठेवू नये.

पुढच्या तू बिशवातला गाणे पाच वाजता सुरू होईल, बक्षिसे नंतर. बसच्या चालकाशी मी स्वतः बोलले. त्यांच्या आईलाही ओव्या येतात म्हणे. त्यांनी सहा वाजेपर्यंत थांबायचे कबूल केले आहे आणि हॉर्न वाजवणार नाही असेही सांगितले आहे. गाण्याची सोळाही कडवी मी मोठ्या अक्षरांत लिहून काढते आहे, तेलाच्या डागाखालची तीन पेणच्या मावशीकडून तपासून घेतली की प्रती काढून प्रत्येक घरी पाठवीन. पहाटे विळ्यांना आणखी चार हात लागतील. ज्यांना यायचे त्यांनी आदल्या रात्रीच यावे, अंथरुणे काढून ठेवली आहेत.